कार्पेटमधलं 'तण'

जूनचा दुसरा आठवडा, पहिला पाऊस होऊन गेलेला. कोथरूडच्या एका सोसायटीत तीन गुंठ्यांचं लॉन बघायला गेले होते. मेक्सिकन कार्पेट जातीचं गवत, पण जागोजाग टक्कल, आणि टकलांत लव्हाळा, आंबुशी, कडेला गाजरगवत. सेक्रेटरी काका तणनाशकाची बाटली घेऊनच उभे. "मॅडम, एकदा मारून टाकू आणि नवं कार्पेट अंथरू."

म्हटलं, याने लव्हाळ्याबरोबर कार्पेटही जाईल. लव्हाळा जमिनीतल्या गाठींतून परत येईल, कार्पेट येणार नाही.

टकलावर बादलीभर पाणी ओतलं. वीस मिनिटं झाली तरी डबकं तसंच. पहार मारली तर चार बोटांवर ठण्‌! उकरलं, तर प्लास्टरचे तुकडे, फरशा आणि एक अख्खी दगड झालेली सिमेंटची गोणी. बिल्डरने राडारोड्यावर वीतभरसुद्धा माती टाकली नव्हती. वर रोज थोडं थोडं पाणी आणि अगदी बुडापर्यंत कापणी. म्हणजे लव्हाळ्याचे लाडच.

तेवढ्यात कंपाउंडच्या भिंतीकडून आवाज आला. "अगं, औषध मारणार असाल तर आधी सांगा हं. मी देवाला दुर्वा इथल्या नेते." एक आजी उकिडव्या बसून खुडत होत्या. जवळ गेले आणि बघतच राहिले. भिंतीलगत दहा-बारा फूट हरळी, म्हणजे याच दुर्वा, दाट, हिरवीगार. तिच्यात लव्हाळ्याची एक काडी नाही. माळीदादांना विचारलं, तर ते अभिमानाने म्हणाले, "आत शिरली की मी दर महिन्याला उपटतो." तण म्हणून! तिथे तग धरेल असं एकमेव गवत पगार देऊन उपटलं जात होतं.

बाटली काकांनी परत नेली, जरा नाराजीनेच.

राडारोडा काढायलाच आठवडा गेला. मग माती, गांडूळखत, निंबोळी पेंड. लव्हाळा खुरप्याने ओढला तर गाठी खालीच राहतात, म्हणून ओल्या मातीत दातेरी पंजा खोल घालून गाठींच्या माळेसकट काढला. पुरता गेला असं म्हणणार नाही. जुलैत त्याच हरळीच्या कांड्या चार-चार इंचांवर दाबल्या. शेण, गोमूत्र, गूळ आंबवून केलेल्या जीवामृताचं माप एकराला दोनशे लिटर, म्हणजे आम्हाला पंधरा पुरे; पण शिंपलं त्या संध्याकाळी मला सात फोन आले. वासाचे. बदामाच्या सावलीत हरळी धरली नाही, तिथे ती धरतच नाही. तो तुकडा सोडून दिला.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात दोन इंचांवर मशीन फिरवत होते, तर आजी आडव्या आल्या. "शेंडे कापलेल्या दुर्वा देवाला कशा वाहू? एकवीस जुड्या लागतात मला."

तेव्हापासून भिंतीलगतच्या चार फुटांत मशीन नेत नाही.