कॉइल शाबूत आहे

रविवार, रात्र

एस्प्रेसो मशीनचा दिवा लागतो, पंप घरघरतो आणि कपात पडतं ते गार, आंबट, फिक्कट पाणी. सर्व्हिसवाल्यांनी मशीन न बघताच फोनवर निकाल दिला: "कॉइल गेली असणार, बॉयलरचा अख्खा सेट बदलावा लागेल." दर ऐकून दुपारी स्क्रूड्रायव्हर काढला.

पंप चालतो म्हणजे वीज आत येतेय. अडलंय ते गरम करणाऱ्या सर्किटमध्ये. माझ्या साध्या मशीनमध्ये तिथे संशयित तीनच: पाणी तापवणारी कॉइल, ठरलेल्या तापमानाला सर्किट तोडणारा थर्मोस्टॅट आणि जास्तच तापलं तर उडणारा थर्मल फ्यूज. प्लग काढून झाकण उघडलं. मशीनच्या तळाशी ११५० वॅट छापलंय. म्हणजे कॉइलचा रोध हवा २३० व्होल्टचा वर्ग भागिले ११५०, म्हणजे ४६ ओहम. मल्टीमीटरने साधारण तेवढंच दाखवलं. कॉइल आणि बॉयलरची बॉडी यांच्यात गळती नाही. कॉइल धडधाकट! थर्मोस्टॅट गार असताना जोडलेला असायला हवा, तोही होता. मीटर बीप झाला, म्हणजे सर्किट जुळलेलं. राहिला बॉयलरला चिकटवलेला, पांढऱ्या स्लीव्हमधला शेंगदाण्याएवढा थर्मल फ्यूज. तिथे मीटर गप्प.

असाच फ्यूज राइस कुकरमध्येही असतो. ठरलेल्या तापमानाला एकदा उडाला की पुन्हा जुळत नाही. नवा बसवून मोकळं होता आलं असतं, पण ते आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी झालं असतं. तो उडाला कशामुळे? दूध फेसाळायला वाफ काढल्यावर बॉयलर पाण्याने भरून घेतला नाही तर तो कोरडाच तापतो. पण वाफ मी क्वचितच काढतो, दूध घालणाऱ्यांचं घर नाही हे. क्षारांवर फारसा संशय नव्हता. आमच्याकडे मुंबईत येणारं भातसा-वैतरणेचं पाणी मऊ असतं. टँकर किंवा बोअरवेलवर चालणाऱ्या सोसायटीत मी आधी तेच तपासलं असतं.

मग थर्मोस्टॅट सोडवला. त्यावर ९५ अंश लिहिलंय. मीटरच्या वायरी लावून, पक्कडीत धरून त्याचा धातूचा तळ उकळत्या पाण्याला टेकवला. मुंबईत पाणी शंभरला उकळतं, म्हणजे त्याने 'टक' करून सर्किट तोडायलाच हवं होतं. मीटर वाजतच राहिला.

"अरे, गॅसवर आता काय शिजतंय?" आई.

"थर्मोस्टॅट."

"मग त्यातच आलं टाक, चहा तरी होईल."

कॉन्टॅक्ट चिकटलेत, हे नक्की. कॉइल तापतच राहिली आणि बिचाऱ्या फ्यूजने स्वतः उडून बॉयलर वाचवला.

उद्या ऑफिस सुटल्यावर ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार. थर्मोस्टॅट ९५ अंशाचाच. फ्यूज जुन्यावर छापलेल्या अॅम्पिअरचा आणि तापमानाचा, दोन घ्यायचे. वायरी दाबून जोडायचे क्रिंपचे स्लीव्हही लागतील, कारण सोल्डर केलं तर त्या उष्णतेनेच नवा फ्यूज उडायचा.