आमची वाटचाल : दोन रिंगा, एक ओळंबा

बाबांनी दुकान टाकलं ते मायक्रोस्कोप दुरुस्तीचं. पुण्यात नारायण पेठेत, एका वाड्याच्या तळमजल्यावर, आठ बाय बाराची खोली. कॉलेजच्या प्रयोगशाळा, पॅथॉलॉजीवाले, सर्व्हेवाल्यांचे थिओडोलाइट आणि डंपी लेव्हल, एवढंच गिऱ्हाईक. मी शाळेतून आलो की दप्तर ठेवून भिंगांवरची बुरशी काढायला बसायचो. पावसाळा संपला की हे काम ढिगाने यायचं. भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे पसरलेले असायचे. वेळेत साफ केलं तर भिंग वाचायचं, उशीर झाला तर काचेवरचं कोटिंगच खाल्लेलं असायचं.

बंदुकीच्या स्कोपकडे, म्हणजे नेम धरायला बंदुकीवर बसवायच्या दुर्बिणीकडे, आम्ही ठरवून वळलो नाही. १९९४ मध्ये राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीचं संकुल उभं राहिलं आणि पुढे तिथल्या रेंजवर सराव करणारी मुलं-मुली आमच्याकडे येऊ लागली. १० मीटरच्या स्पर्धेत रायफलवर दुर्बीण चालत नाही, तिथे पीप साइटनेच, म्हणजे बारीक भोकातून बघूनच, नेम धरतात. मुलांकडे असायचे स्टँडवरचे स्पॉटिंग स्कोप, छर्रा कागदावर कुठे लागला ते बघायला. ते दुरुस्तीला आले. त्यांच्या मागोमाग फार्महाउसवर पत्र्याच्या डब्यांवर नेम धरणारे हौशी लोक एअरगनचे स्कोप घेऊन आले, आणि मग भोर, मुळशी, वेल्ह्याकडचे पीक संरक्षणाचा परवाना असलेले शेतकरी, ३१५ बोअरच्या रायफली असलेले.

शिकारीसाठी म्हणून आम्ही कुणालाही स्कोप देत नाही, हे इथेच सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकार बंद झाली आहे. काउंटरवर कुणी "रात्री ससा टिपायला काही आहे का?" असं विचारलं की बाबा सरळ म्हणायचे, "नाही, आणि दुसरीकडेही मागू नका." आजही आमचं उत्तर तेच आहे.

पहिली मोठी चूक माझ्या हातून झाली. एका गृहस्थांचा स्कोप आतून धुरकट वाटत होता. मायक्रोस्कोप उघडायची सवय, तसाच तो उघडला, भिंगं पुसली, बंद केला. आरशासारखा झाला. जुलैत ते परत आले. आत दव धरलं होतं, क्रॉसहेअर, म्हणजे नेम धरायची आतली बारीक फुली, दिसेना. चांगल्या स्कोपच्या नळीत कोरडा नायट्रोजन भरून ती सील केलेली असते, म्हणून आत ओल धरत नाही. मी नळी उघडली आणि तो नायट्रोजन गेला. त्यांना नवा स्कोप दिला, दुकानाच्या पैशाने. तेव्हापासून भरण्याची सोय असल्याशिवाय आम्ही सीलबंद नळी उघडत नाही. ती सोय करायला चार वर्षं लागली.

दुसरा धडा एका निवृत्त काकांमुळे मिळाला. त्यांचा मुलगा अमेरिकेत, टेक्सासला. तिकडे परवाना काढून, मोसमात हरणाची शिकार कायदेशीर आहे. तिथे शिकारीच्या रायफलीवर सर्रास दिसणारा स्कोप म्हणजे ३-९x४०, चित्र ३ ते ९ पट मोठं दाखवणारा, पुढचं भिंग ४० मिलिमीटरचं. मुलगा सुट्टीला आला तेव्हा त्याने आपल्या थर्टी-ओ-सिक्स रायफलीवरचा जुना स्कोप काढून वडिलांना आणून दिला. वडिलांकडे स्प्रिंगवाली एअरगन. काकांनी हौसेने बसवला आणि दोन-अडीचशे छर्रे उडवल्यावर आमच्याकडे आले. क्रॉसहेअर तिरकी झाली होती, हलवलं की आत काहीतरी खुळखुळत होतं.

"अहो, हा मोठ्या रायफलीवर आठ वर्षं टिकला. या खेळण्यावर कसा मोडला?"

मलाही तेव्हा नीट माहीत नव्हतं. शोध घेतला तेव्हा कळलं. काडतुसाच्या रायफलीचा धक्का जोराचा असतो, पण मुख्यतः एकाच दिशेने, मागे. स्प्रिंगच्या एअरगनमध्ये जड पिस्टन पुढे सुटतो तेव्हा बंदूक आधी मागे सरकते आणि पिस्टन पुढे जाऊन आपटला की झटक्यात पुढे येते. हा दुहेरी झटका. आतल्या भिंगांना आणि क्रॉसहेअरला फक्त मागच्या धक्क्यासाठी आधार दिलेला असेल तर पुढच्या झटक्याने ती सुटतात. त्यामुळे स्प्रिंगवाल्या बंदुकीसाठी एअरगनचाच म्हणून बनवलेला स्कोप घ्यायचा, मग तो कितीही साधा असो. तेव्हापासून गिऱ्हाईक आलं की आमचा पहिला प्रश्न किमतीचा नसतो, "बंदूक कुठली?" हा असतो.

स्कोप विकायला लागलो तेव्हा एका घाऊक व्यापाऱ्याकडून ६-२४x५० चे पंचवीस नग उचलले. खोक्यावर शॉकप्रूफ लिहिलेलं, किंमत स्वस्त, आणि मोठा आकडा बघून लोक खूश. त्यातले अकरा परत आले. व्यापाऱ्याने हात वर केले. पैसे गेले त्यापेक्षा माणसं नाराज झाली, ते जास्त लागलं. उरलेले आम्ही विकले नाहीत.

त्या व्यवहारानंतर मी गिऱ्हाइकाला कागदावर एक भागाकार करून दाखवतो. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले मोठेपणा, म्हणजे चित्र किती पट मोठं दिसतं तो आकडा. ४० भागिले ९ म्हणजे साधारण साडेचार मिलिमीटर. ५० भागिले २४ म्हणजे जेमतेम दोन. डोळ्यात येणारा प्रकाशाचा झोत एवढाच. कातरवेळी आपली बाहुली पाच-सहा मिलिमीटर उघडते, तिला दोन मिलिमीटरचा झोत दिला तर चित्र काळवंडणारच. स्वस्तात मोठा मोठेपणा घेण्यापेक्षा त्याच पैशात ४x३२ किंवा ३-९x४० घ्या, काच चांगली मिळते. एअरगनसाठी आणखी एक गोष्ट बघायची, पॅरलॅक्स. मोठ्या रायफलीचे बहुतेक साधे स्कोप १०० यार्डांना जुळवलेले असतात. १० मीटरवर त्यातून चित्र धूसर दिसतं आणि डोकं जरा हललं की क्रॉसहेअर निशाण्यावरून सरकते. पुढचं भिंग फिरवून अंतर जुळवता येतं तो स्कोप घ्यावा.

पण खरं सांगू? "स्कोप खराब आहे" म्हणून आमच्या काउंटरवर येणाऱ्यांपैकी बहुतेक स्कोप खराब नसतात. ते नीट बसवलेले नसतात. हे लक्षात आलं तेव्हा आम्ही धंद्याची दिशा बदलली. स्कोप कुठूनही घ्या, बसवून आम्ही देऊ.

बसवायची आमची पद्धत अशी. स्कोप धरून ठेवणाऱ्या दोन रिंगांचे खालचे भाग बंदुकीवरच्या पट्टीवर घट्ट करून स्कोप त्यात नुसता ठेवायचा. मोठेपणा पूर्ण वाढवायचा. मग बंदुकीच्या मालकाने डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची, गाल नेहमीसारखा टेकवायचा आणि डोळे उघडायचे. काळी कड न दिसता पूर्ण गोल दिसेपर्यंत स्कोप पुढे-मागे करायचा. डोळा आणि काच यांत ८ ते १० सेंटिमीटर अंतर येतं. ३१५ वाल्यांना मी मुद्दाम जास्त अंतर ठेवायला लावतो, कारण जवळ बसवलेला स्कोप धक्क्याने भुवईवर चंद्रकोरीसारखी जखम करतो. मुळशीच्या एका भाऊंच्या भुवईवर ती खूण अजून आहे.

मग ओळंबा. गवंड्याचा, पितळी, पांढऱ्या दोऱ्याचा, समोरच्या निळ्या भिंतीवर टांगलेला. बंदूक पाणसळीने सपाट पकडायची आणि उभी रेषा दोऱ्याशी एकरूप होईपर्यंत नळी हळूहळू फिरवायची. रेषा कललेली राहिली तर जवळ नेम बरोबर लागतो आणि लांब गेल्यावर बाजूला जातो, आणि माणूस छर्ऱ्यांना दोष देत बसतो. शेवटी स्क्रू. ते आलटून-पालटून, तिरपे, थोडे थोडे, दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवून आवळायचे. आम्ही टॉर्कचा पाना, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणारा पाना, २ न्यूटन-मीटरच्या आत ठेवतो. जोर लावून आवळलं की नळी चेपते आणि आतली रचना अडकते.

झिरो करताना, म्हणजे क्रॉसहेअर आणि छर्रा लागतो ती जागा जुळवताना, आधी जवळच्या अंतरावर कागद लावा. स्कोपवरच्या बटणाच्या एका क्लिकने, ती पाव मिनिटाची असेल तर (हे मिनिट कोनाचं, अंशाचा साठावा भाग), १०० मीटरवर साधारण ७ मिलिमीटर फरक पडतो, २५ मीटरवर दोनाच्याही आत. शेवटी वीस क्लिक वर, वीस उजवीकडे, वीस खाली, वीस डावीकडे करून बघा. नेम मूळ जागी परत आला नाही तर तो स्कोप दुकानदाराला परत करा, आमचा असला तरी.

जपणूक म्हणाल तर पुण्याचा पावसाळा हाच खरा शत्रू. चामड्याच्या किंवा फोमच्या पेटीत स्कोप ठेवू नका, त्या ओल धरून ठेवतात. हवाबंद डब्यात सिलिका जेलची पुडी घाला, रंग बदलला की मंद आचेवर तव्यात दाणे परतून परत वापरा. काच शर्टाच्या टोकाने पुसू नका. आधी फुंकणीने धूळ उडवा, मग मऊ ब्रश, मग कापड.

आता दुकान माझी मुलगी सांभाळते. तिने लक्षात आणून दिलं की स्प्रिंगच्या बंदुकीवर रिंगा मागे सरकतात, कारण बंदूक पुढे येते आणि स्कोप जागच्या जागी राहू पाहतो. त्याला उपाय म्हणजे पट्टीमागच्या भोकात बसणारी अडसर-पिन. शिवाय ११ मिलिमीटरची म्हणून सांगितलेली पट्टी बंदुकीगणिक कमी-जास्त भरते. म्हणून आम्ही भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये पिन असलेला एकसंध माउंट, म्हणजे दोन्ही रिंगा एकाच तुकड्यात असलेली बैठक, करून घेतला. पहिले ५० नग आले, त्यातले ७ आम्हीच बाजूला काढले, पट्टी पकडणाऱ्या जबड्याचा कोन चुकला होता. कोन सुधारून दुसरी खेप कापून झाली आहे, ॲनोडायझिंगला, म्हणजे ॲल्युमिनियमवर टिकाऊ थर चढवायला, गेली आहे. ती परत आली की पहिला माउंट त्या काकांच्या एअरगनवर बसेल. त्यांनी स्कोप नवा घेतला आहे, एअरगनचाच, चार हजारांचा.