वाघिणीवरचा अकरावा आकडा

गेल्या दिवाळीच्या आधी माझ्या टेबलावरची पहिली बॉक्सएन वाघीण, म्हणजे मालगाडीच्या उघड्या डब्याचे मॉडेल, पूर्ण झाली, निदान मला तरी ती पूर्ण झाली असे वाटले. एचओ प्रमाण, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाचे. डबे जोडणाऱ्या एका कपलरपासून दुसऱ्या कपलरपर्यंत लांबी १२३ मिलिमीटर. शेजारच्या अण्णांना ती मी कौतुकाने दाखवायला नेली. अण्णा रेल्वेत टीएक्सआर होते, म्हणजे यार्डात उभ्या राहिलेल्या मालगाडीचा एकेक डबा हातोडा आणि खडू घेऊन तपासत जाणारे. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, वाघीण डोळ्यांपाशी नेली आणि ओठ हलवत काहीतरी मोजले. रंगाबद्दल, रिबिटांबद्दल, तीन रात्री जागून बसवलेल्या शिड्यांबद्दल एक शब्द नाही. "काय ओ मेस्त्री, नंबर चुकलाय की तुमचा. ह्यो कम्प्युटरात घातला तर घेणारच न्हाई त्यो."

वाघिणीवरचा क्रमांक अकरा आकडी असतो आणि त्यातला एकही आकडा हवेतून आलेला नसतो. पहिले दोन आकडे डब्याचा प्रकार सांगतात. १० ते २९ हे उघड्या डब्यांचे, ३० ते ३९ बंद डब्यांचे आणि ४० ते ५४ टाक्यांचे. पुढचे दोन आकडे मालक रेल्वेचे असून मध्य रेल्वेचा ०१ आहे, आमच्या दक्षिण पश्चिम रेल्वेचा १५. त्यानंतर बांधणीचे साल, मग त्या डब्याचा स्वतःचा चार आकडी क्रमांक, आणि अकरावा आकडा पडताळणीचा. सम स्थानांवरच्या पाच आकड्यांची बेरीज करून तिची तिप्पट करायची, त्यात विषम स्थानांवरच्या पाच आकड्यांची बेरीज मिळवायची, आणि आलेली संख्या पुढच्या दहाच्या पटीला जितकी कमी पडेल तितका हा अकरावा आकडा. माझे पहिले दहा आकडे होते १०१५०८२३४७. सम स्थानांची बेरीज २३, तिची तिप्पट ६९, विषम स्थानांची बेरीज ८, एकूण ७७. म्हणजे ८० ला कमी ३. मी शेवटी ६ रंगवला होता. का, तर तो तिथे दिसायला बरा वाटला.

माझी उमेद बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, टूलरूममध्ये गेली. तिथे ड्रॉइंगवरची एक रेघ जास्तीची आली तरी ती कशासाठी, हे विचारायची आम्हाला सवय होती. घरी छंदाच्या टेबलावर बसल्यावर मात्र मी ती सवय चपलांबरोबर दाराबाहेर ठेवून येत असे. इथे थोडा गंज, तिथे थोडी धूळ, एखादा बरा दिसणारा आकडा. अण्णांच्या त्या एका वाक्यानंतर मी स्वतःला एक अट घातली: डब्यावर जी खूण करायची, ती तिथे कशामुळे आली हे आधी सांगता आले पाहिजे.

खरे तर हे मला अमेरिकन डब्यांनी आधीच शिकवायला हवे होते. तिकडे असलेल्या भाच्याने पाठवलेल्या दोन बॉक्सकारांवरच माझा या कामात हात बसला. अमेरिकेतल्या बंद मालडब्यांच्या छतावर मधोमध चालण्याची फळी असे, कारण एअर ब्रेक सगळीकडे येण्यापूर्वी ब्रेकमन चालत्या गाडीच्या छतांवरून जात एकेका डब्याचा हातब्रेक आवळत असे. फळीचे ते काम केव्हाच संपले, तरी फळी राहिली. नव्या डब्यांवर ती बसवणे बंद झाले ते १९६६ साली, आणि जुन्या डब्यांवरूनही ती पुढे हळूहळू उतरली. १९६७ पासून डब्याच्या बाजूला रंगीत आडव्या पट्ट्यांची एक पाटी दिसू लागली. रुळाकाठचे यंत्र ती पाटी वाचून डबा ओळखणार होते, पण पाट्या धुळीने माखून वाचेनाशा झाल्या आणि दहाएक वर्षांत तो बेत सोडून द्यावा लागला. १९७८ साली एका विशिष्ट जातीच्या चाकांची तपासणी सक्तीची झाली, तेव्हा तपासून निर्दोष ठरलेल्या डब्यावर काळ्या चौकोनातला पिवळा ठिपका आला. माझ्या एका बॉक्सकारवर बांधणीचे साल १९७० आहे आणि छतावर फळीही आहे. तो डबा मी अजून दुरुस्त केलेला नाही. कपाटात मागच्या रांगेत ठेवला आहे.

आता बॉक्सएनकडे येतो. नावातच तिची कुंडली आहे: बी म्हणजे बोगीची (बोगी म्हणजे डब्याखालचा चाकांचा सांगाडा), ओ म्हणजे उघडी, एक्स म्हणजे उंच बाजूंची आणि एन म्हणजे हवेच्या ब्रेकची. (वॅगनची वाघीण ज्याने केली त्याला नमस्कार असो, लोंढ्याच्या पुढे रूळ जंगलात शिरतात तिथे हा शब्द मोठ्याने उच्चारला की शेजारचा प्रवासी खिडकीबाहेर पाहतो.) तिची बॉडी मला रेझिनमध्ये छापून मिळाली, आणि तिच्यावरच्या शिड्या व पकडायच्या दांड्या बॉडीतच ओतल्यासारख्या होत्या, जाडी ०.७ मिलिमीटर. ८७ ने गुणले तर ही सळई ६१ मिलिमीटरची होते, म्हणजे घरात येणाऱ्या पाण्याच्या पाइपापेक्षा जाड. खरी सळई २० मिलिमीटरच्या आसपास धरली तर मला ०.२३ ची तार हवी होती. तांब्याच्या वायरीतली एक कांडी त्या जाडीची मिळते, पण बोट लागले की ती वाकते आणि पुन्हा सरळ होत नाही. शेवटी मिरजेला एका लग्नाला गेलो असताना सतारमेकर गल्लीत सतारीच्या चिकारीच्या बारीक तारेचे वेटोळे घेतले. घरी मायक्रोमीटर लावला तर ०.२३. ही पोलादी तार कडक असते, तिला काटकोन नुसत्या पकडीने देता येत नाही, म्हणून पितळी पट्टीला दोन खाचा पाडून छोटा जिग, म्हणजे वाकवायचा साचा, केला. सगळ्या दांड्या एकाच मापाच्या निघाल्या. पिन व्हाइसने, म्हणजे हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने, ०.३ ची भोके पाडायची, दांडी बसवताना तिच्याखाली जाड पुठ्ठ्याचा तुकडा सरकवायचा, म्हणजे पत्र्यापासूनचे अंतर सगळीकडे सारखे राहते, आणि मागच्या बाजूने सुईच्या टोकावर गोंद.

तांब्याची कांडी वाया गेली नाही. डब्याच्या दोन्ही टोकांना कपलरशेजारी लोंबणाऱ्या ब्रेकच्या नळ्या तिच्याच केल्या, कारण नळीला नैसर्गिक झोल यायला मऊ तारच हवी. नळ्यांच्या कॉकवर, म्हणजे तोटीवर, रंगाचा एकेक ठिपका दिला, ब्रेक पाइपाला हिरवा आणि फीड पाइपाला पांढरा. हे रंग खऱ्या गाडीवर असेच असतात, आणि एवढ्याशा दोन ठिपक्यांनी डब्याचे टोक जितके जिवंत होते तितके मला रिबिटांच्या आठवडाभराच्या कामाने करता आले नव्हते.

बॉक्सएनच्या बाजू कधी सपाट नसतात. टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटवर फाटक पडले की लोक वैतागतात, मी मात्र स्कूटर बंद करून समोरून जाणाऱ्या डब्यांच्या बाजू पाहत बसतो. माल उपसणाऱ्या यंत्राचा बकेट आतून आदळतो, त्यामुळे पत्रा उभ्या पट्ट्यांच्या मध्ये बाहेर फुगतो. चेपे आत गेलेले क्वचितच दिसतात, बहुतेक बाहेर आलेले असतात. मॉडेलवर हे करायला बाजू आतून कानसून पातळ केली आणि गरम चमच्याच्या पाठीने आतून दाबली. पहिल्या प्रयत्नात चमचा जास्त तापलेला होता आणि आरपार भोक पडले. खऱ्या वाघिणींनाही भोके पडतात आणि तिथे चौकोनी ठिगळ वेल्ड करतात, हे आठवल्यावर गोळ्यांच्या पाकिटाच्या ॲल्युमिनियमचा तुकडा कापून तिथे बसवला, कडेने गोंदाचा बारीक वेल्ड ओढला. बघणाऱ्यांना आता सगळ्यात जास्त आवडते ते हे ठिगळच.

रंगाच्या बाबतीत मला जास्त विचार करावा लागला, कारण रंगात डब्याचा सगळा प्रवास येतो. क्रमांकात मी बांधणीचे साल २००८ घातले होते, तेव्हा देखावाही त्याच सुमाराचा ठरला. त्या काळात होसपेट-बळ्ळारीकडचे लोहखनिज हुबळीवरून लोंढ्याला येई आणि कॅसलरॉकमार्गे मुरगाव बंदराकडे उतरे, तर बंदरातला कोळसा उलट दिशेने घाट चढे. या गाड्या बेळगाववरून जात नसत, त्या पाहायला लोंढ्यालाच जावे लागे, आणि माझ्याकडे तेव्हाचे बरेच फोटो आहेत. २०१० साली कर्नाटक सरकारने खनिजाच्या निर्यातीवर बंदी घातली. देखावा दोन-चार वर्षांनी पुढे सरकवला असता तर बंदराकडे निघालेली ही भरलेली वाघीण खोटी ठरली असती.

खनिज भरताना पुन्हा एक हिशेब लागला. बॉक्सएनमध्ये ५६ घनमीटर जागा असते आणि माल मावतो तो ५८ टनांच्या आसपास. कोळसा हलका असल्यामुळे डबा काठोकाठ भरतो, पण खनिज घनमीटरला अडीच टनांच्या घरात जात असेल तर निम्मा डबा भरण्याआधीच वजनाची मर्यादा संपते. म्हणून खनिजाची भरलेली गाडी लांबून रिकामी वाटते, पुलावरून पाहिले तरच तळाशी लाल ढीग दिसतात. मॉडेलवाले बहुतेक जण खनिज काठापर्यंत भरतात, मीही भरले होते. आता तळाला थर्मोकोलचे दोन बुटके उंचवटे, त्यांवर खानापूरकडची लाल माती मलमलीतून चाळून, पातळ गोंदाने बसवली आहे. थर्मोकोलखाली उद्यमबागेतल्या भंगारातले छर्रे आहेत, कारण एवढ्या लांबीचा डबा ९० ग्रॅमच्या आसपास भरला तर वळणावर रुळावरून उतरत नाही.

आतल्या बाजूंना आधी कोळशाची काळी झाक दिली, तिच्यावर गेरू. बाहेरून गेरू फक्त वरच्या काठाखाली आणि कोपऱ्यांत, जिथे पावसाचे पाणी ओघळते. बोगीचा रंग मात्र वेगळा. कॅसलरॉक ते कुळे हा उतार ३७ ला १ असा आहे, भरलेली गाडी तो सबंध उतार ब्रेक धरून उतरते, आणि ब्लॉक झिजून उडालेली तपकिरी भुकटी बोगीवर आणि डब्याच्या खालच्या काठावर बसते. ती गेरूपेक्षा काळपट आणि मंद असते. मी ती काव आणि काजळी मिसळून केली. चाकाची बाहेरची बाजू मळकी ठेवायची, रुळाला टेकणारा पट्टा मात्र लखलखीत, कारण तो रोज घासला जातो.

हे सगळे टिकावे म्हणून वरून मॅट व्हार्निश मारायचे असते, आणि ते मी आषाढात मारले. बेळगावच्या आषाढात भिंतीसुद्धा घामेजतात. फवारा सुकता सुकता हवेतला ओलावा त्यात अडकला आणि कोळशाची वाघीण पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी पांढरी झाली. ती उन्हाळ्यापर्यंत तशीच राहिली. आता जून ते सप्टेंबर मी फक्त तारा वाकवतो.

सहा डब्यांचा माझा तुकडा झाला आहे, आणि त्यातल्या सगळ्यांवर दक्षिण पश्चिमचा १५ नाही. वाघिणी देशभर फिरतात, कोणत्याही रेकमध्ये, म्हणजे जोडलेल्या डब्यांच्या रांगेत, चार-पाच रेल्वेंचे डबे मिसळलेले असतात, म्हणून दोन आमच्या, दोन मध्य रेल्वेच्या, एक दक्षिण मध्यची आणि एक पूर्व किनाऱ्याची अशी विभागणी केली. सहाही क्रमांक कागदावर पडताळून मगच रंगवले. खऱ्या ब्रॉड गेजच्या मानाने माझे रूळ पावणेतीन मिलिमीटरनी अरुंद आहेत, हे मला ठाऊक आहे. बाजूने पाहताना ते कळत नाही आणि समोरून मी कुणाला पाहू देत नाही.

मागच्या रविवारी तो तुकडा अण्णांसमोर ठेवला. त्यांनी सहाही नंबर तोंडी केले आणि मान डोलावली. मग खनिजाची वाघीण उचलून तिच्या पोटाखाली बोट नेले. बॉक्सएनच्या बाजूला एक हँडल असते. डबा रिकामा की भरलेला त्याप्रमाणे ते हाताने फिरवायचे, म्हणजे ब्रेकचा जोर कमी-जास्त होतो. माझ्या मॉडेलवर ते जेमतेम साडेतीन मिलिमीटरचे आहे, आणि ते केले याचाच मला अभिमान होता.

"एम्प्टीत हाय की ओ ह्ये," अण्णा म्हणाले. "भरलेली गाडी अशी घाटात सोडला तर कुळ्याला थांबनार न्हाई ती."

घरी येऊन चिमट्याने हँडल फिरवायला गेलो तर गोंद पक्का झालेला होता आणि ते मोडून कुठेतरी फरशीवर उडाले. रात्री अकरापर्यंत बॅटरी घेऊन शोधले. सापडले नाही, म्हणून चिकारीच्या तारेचा नवा तुकडा कापला.