नळदुर्गच्या घाटात मेट्रोचा डबा

मेट्रोचा डबा वजनाला फार नसतो. चाळीसेक टन. याच रस्त्याने त्याच्या दुप्पट जड ट्रान्सफॉर्मर जातात आणि त्यांची मला कधी धास्ती वाटली नाही. डबा नडतो तो लांबीरुंदीला. बावीसेक मीटर लांब, मुंबईच्या नव्या मार्गांवरचा असेल तर ३.२ मीटर रुंद, आणि मध्ये कुठे वाकायची सोय नाही. साध्या मालट्रकला रुंदीची मर्यादा २.६ मीटरची. म्हणून मग ओडीसीचा, म्हणजे मापाबाहेरच्या मालाचा परवाना, लाल झेंडे, आणि सगळ्यात पुढे बोलेरो घेऊन माझ्यासारखा पायलट. हैदराबादकडून आलेली गाडी तलमोडला महाराष्ट्राच्या हद्दीवर ताब्यात घ्यायची आणि उमरगा, येणेगूर, जळकोट, नळदुर्ग करत सोलापूरला सोडायची, एवढा टप्पा माझा.

चहाच्या टपरीवर हमखास विचारतात, रेल्वेचा डबा रेल्वेनेच का नेत नाहीत? आपल्या रेल्वेच्या दोन रुळांत १६७६ मिलिमीटर अंतर असतं, या मेट्रोच्या रुळांत १४३५. रेल्वेच्या रुळांवर हा डबा स्वतःच्या चाकांनी चालूच शकत नाही. नागपूर मेट्रोचे डबे चीनमधल्या दालियानहून जहाजाने चेन्नई बंदरात उतरले, तेही तिथून ट्रेलरवरच नागपूरला गेले.

त्या दिवशीचा डबा मुंबईचा होता. ट्रेलरच्या पाट्यावर रूळ बसवलेले, त्यावर डबा, चाकांना पाचरी, वरून ताडपत्री. सोबत कंपनीचा एक तरुण इंजिनिअर. त्याचं एकच पालुपद: दोर, साखळी काय बांधायचं ते खालच्या सांगाड्याला, बॉडीला हात लावायचा नाही. सर्व्हे मी आधीच केला होता. बोलेरोच्या टपावर डब्याच्या उंचीचा बांबू उभा करायचा आणि जी तार त्याला लागेल तिथे वायरमनला सांगून ठेवायचं. तारांनी त्या दिवशी काही त्रास दिला नाही.

घाटात वळणावर मात्र उसाचा ट्रॅक्टर उभा. मागे दोन ट्रॉल्या, शेवटच्या ट्रॉलीचा आक तुटलेला, आणि तीही वळणाच्या आतल्या अंगाला. आमच्या गाडीला तिथे सगळा रस्ता लागतो. मागे वाहनांची रांग लागलेली, त्यामुळे रिव्हर्सचा प्रश्नच नव्हता.

ट्रॉली रिकामी केल्याशिवाय हलणार नव्हती. मुकादम म्हणाला, "मालक, ऊस उतरवू. पण पुन्हा भरायचा कुणी? ह्यांची हजेरी कोण देणार?" ट्रॉलीवरची ऊसतोडीची जोडपी बीडमधल्या केजकडची. त्यातली एक बाई डोक्यावरची चुंबळ काढून सरळ रस्त्याच्या कडेला बसली. "आधी पैसे, मंग मोळी." इंजिनिअर घड्याळ दाखवायला लागला. मला बाईचंच पटलं. लाखमोलाचा डबा अडलाय म्हणून तिने फुकट का राबायचं? ट्रान्सपोर्टरच्या माणसाने तिथल्या तिथे नोटा मोजल्या आणि मग मोळ्या अशा भराभर उतरल्या की आमचे हेल्पर नुसते बघत राहिले.

तोवर गर्दी जमली होती. गर्दीतले एक म्हातारबाबा ताडपत्रीखाली वाकून बघत होते. तरुणपणी मुंबईला गिरणीत होते म्हणे.

"ट्राम हाय का ही?"

"नाही बाबा, मेट्रो."

"कुठं घिऊन जायलाव?"

"मुंबईला."

"मंग ट्रामच की. रस्त्यानं जायलीय न्हवं?"

यावर इंजिनिअरलाही उत्तर सुचलं नाही. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला बोरीबंदरहून दादरला गेली. बाबा त्याच मार्गावरच्या ट्राममध्ये बसलेले. बसायचे बाक लाकडाचे होते की कसल्या गादीचे, यावर त्यांचा आणि शेजारच्या एका पाहुण्याचा वाद सुरू झाला आणि तो आम्ही निघेपर्यंत मिटला नव्हता.

ट्रॉली ढकलून कडेला घेतली, तरी जागा बेताचीच. इथे हायड्रॉलिक ट्रेलरची करामत कळते. त्याचे मागचे अॅक्सल वेगळे वळवता येतात आणि पाटा वीतभर वरखाली होतो. एक तमिळ पोरगा हातात कंट्रोल घेऊन मागच्या चाकांबरोबर पायी चालत होता. बाहेरची बाजू उचलली, तशी डब्याची शेपटी कठड्याच्या वरून सरकायला लागली. खाली कठडा, वर डबा, मध्ये चार बोटं जागा. पुलरच्या, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीच्या ड्रायव्हरला यातलं काही दिसत नाही. पोराची एक शिट्टी झाली की पुढे, दोन झाल्या की थांब. मी कठड्याशी उकिडवा बसून त्या चार बोटांवर डोळा ठेवून होतो, आणि मोळ्या टाकून आलेली निम्मी टोळी माझ्या मागे उभी राहून "येऊ द्या, येऊ द्या" ओरडत होती. पोराला मराठी येत नव्हतं हे बरं झालं.

वळण सुटल्यावर इंजिनिअरने बॅटरी घेऊन डबा खालून तपासला, पाचरी ठोकून बघितल्या, फोटो काढून मुंबईला पाठवले. सोलापूरला पोचायला अंधार पडला. पुढचा पायलट चिडून बसला होता, त्याला ऊस सांगितला तर खरं वाटेना.

त्याच मेट्रोगाडीचे बाकीचे डबे मागून यायचेच होते. आता गाळप चालू असलं की सर्व्हेच्या आदल्या दिवशी मी मुकादमाला फोन लावतो, उद्या ट्रॅक्टर कुठल्या रस्त्याने निघणार ते विचारतो. तोही आधी विचारतो, "डबा हाय का? मंग हजेरीचं बोला."