टीआर सिक्सची फळी सोलली त्याची गोष्ट

नोव्हेंबरात गाडी गॅरेजमध्ये लावली तेव्हा घरी सांगितलं होतं की दोन वीकेंडचं काम आहे. डॅशबोर्डची लाकडी फळी काढायची, घासायची, पॉलिश मारायचं, परत बसवायची, झालं. फळी बसली मार्चच्या शेवटी. मधले वीकेंड किती गेले ते बायकोने मोजलेत, मी नाही मोजले.

गाडी म्हणजे १९७३ ची ट्रायम्फ टीआर६. मी इंग्लंडात कॉव्हेंट्रीत राहतो, टाटांनी २००८ साली जग्वार लँड रोव्हर घेतल्यापासून पुण्याहून इकडे आलेल्या पुष्कळ मंडळींपैकी एक, आणि ही गाडी याच गावात कॅनलीच्या कारखान्यात बनलेली. तिथं गाड्या बनणं १९८० मध्ये बंद झालं पण माझ्या घरून सायकलवर वीस मिनिटांत जाता येतं त्या भागात. अडीच लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, दोन सीट, कापडी छप्पर, आणि आवाज असा की गल्लीच्या तोंडाशी असतानाच घरात कळतं कोण आलं. चाळीस वर्षांच्या वर वय असल्याने इथं रोड टॅक्स लागत नाही, हा मुद्दा मी घरी दर दोन महिन्यांनी सांगत असतो.

तर आतमध्ये डॅशबोर्ड लाकडाचा आहे. म्हणजे प्लायवूडची फळी आणि वर अक्रोडाच्या लाकडाचा पापुद्रा, व्हेनिअर. आधीच्या कुठल्यातरी मालकाने त्यावर बोटीला मारतात तसं जाड व्हार्निश थापलेलं, ते पिवळं पडून भेगाळलेलं, उन्हाळ्यातल्या तळ्याच्या चिखलासारखं. शिवाय छपरातून वर्षानुवर्षं पाणी ठिबकून डाव्या कोपऱ्यात काळा डाग. नवी फळी रेडिमेड मिळते, या गाड्यांचे पार्ट बनवणारे लोक इंग्लंडात भरपूर आहेत. पण माझ्या फळीवरच्या रेषा ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणावरून सलग पुढे जातात, कुणीतरी एकाच पापुद्र्यातून ते कापलं असणार, आणि ते टाकून द्यायला मन होईना.

पहिलं काम बॅटरीची निगेटिव्ह तार काढणं. हे मी एवढ्यासाठी लिहितोय की या गाडीत तपकिरी वायरमध्ये चावी बंद असतानाही करंट असतो. जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या वायरींचे रंग एकदा पाठ झाले की अर्धं टेन्शन जातं: तपकिरी कायम चालू, पांढरी चावी फिरवल्यावर, हिरवी चावीनंतर फ्यूजमधून आलेली, जांभळी फ्यूजमधून पण कायम चालू, लाल साइड लाइटची, लाल-पांढरी मीटरच्या दिव्यांची, काळी अर्थिंगची. मी तरीही प्रत्येक वायरला मास्किंग टेपचं बिल्ला लावलं आणि फोटो काढले. बाबांनी व्हिडिओ कॉलवर बजावलं होतं, "अरे, उघडण्याआधी फोटो काढ, मिक्सरच्या वेळचं विसरू नकोस." "हो बाबा, काढलेत, तुम्ही काळजी करू नका," मी म्हणलं. (मिक्सर १९९८ चा विषय आहे. अजून निघतो.)

डॅशबोर्डवरचे नॉब काढणं हा प्रकार मला माहीतच नव्हता. ते ओढून निघत नाहीत, नॉबच्या खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं, त्यात सरळ केलेली यू पिन घालून आतली स्प्रिंगवाली खिट्टी दाबायची आणि मग ओढायचं. हे कळायच्या आधी मी एक नॉब पकडीने ओढून त्याचा कान तोडला. स्विचच्या भोवती क्रोमची रिंग असते तिला खाचा असतात, तिथं स्क्रू ड्रायव्हर लावून ठोकलात तर तो घसरून लाकडावर ओरखडा काढतोच काढतो, म्हणून टोकदार पकडीच्या दोन्ही टोकांना टेप गुंडाळून ती खाचांत बसवायची आणि हलक्या हाताने फिरवायची.

मीटर मात्र सोपे. स्मिथ्स कंपनीचे दोन मोठे, स्पीड आणि आरपीएम, दोघांनाही मागून केबल येते, आरपीएमलासुद्धा, म्हणजे इंजिनचे फेरे खरोखर एक तार फिरत फिरत डोळ्यांसमोर आणून दाखवते. मागे यू आकाराची पट्टी आणि हाताने फिरवायचे खरबरीत नट. चार छोटे मीटर तसेच. त्यातला ऑइल प्रेशरचा जरा जपून, कारण तो विजेवर नाही, त्याला इंजिनमधून बारीक नळी येते आणि त्या नळीत खरंखुरं ऑइल असतं. मला हे माहीत होतं, वाचलेलं होतं, खाली फडकं पण अंथरलं होतं, आणि तरी ते माझ्या डाव्या मोज्यात गेलं. नळीच्या तोंडाशी छोटा वॉशर असतो तो हरवला तर परत बसवताना गळती लागते, मी तो लगेच डबीत टाकला, त्या दिवसातली ती एकच शहाणपणाची गोष्ट.

फळी हातात आली तेव्हा ती इतकी हलकी की वाटलं यासाठी एवढं?

व्हार्निश काढण्याबद्दल. माझा पहिला विचार सँडर लावायचा होता आणि तो मी केला नाही याचं श्रेय भीतीला. व्हेनिअर एक मिलिमीटरपेक्षा पातळ असतं, मशीन लावलं की दहा सेकंदांत खालचं प्लाय दिसायला लागतं आणि मग काही उपाय नाही. इथं दुकानात मिळणारं पेंट काढायचं रसायन पूर्वीसारखं जहाल राहिलेलं नाही, जुनं डायक्लोरोमिथेनवालं घरगुती वापराला बंद झालंय, नवीन लावून वर प्लॅस्टिक झाकून तासन् तास थांबावं लागतं. थांबलो. मग बोथट प्लॅस्टिकच्या पट्टीने रेषांच्या दिशेने खरवडलं तर ते जिलबीच्या पाकासारखं गोळा होऊन आलं. असं चार वेळा. कडेला एके ठिकाणी पापुद्रा उचलला गेला होता तिथं सिरिंजने गोंद सोडून, वर बेकिंग पेपर आणि लाकडी ठोकळा ठेवून, क्लॅम्प करून रात्रभर ठेवलं.

काळ्या डागाला ऑक्झॅलिक अॅसिड. लोखंड, पाणी आणि लाकडातलं टॅनिन एकत्र आलं की असा शाईसारखा काळा डाग पडतो, आणि स्क्रू गंजलेले होते म्हणजे लोखंड कुठून आलं ते उघडच होतं. हातमोजे, मास्क, गरम पाण्यात पूड विरघळवून ब्रशने पूर्ण फळीवर लावायचं, नुसत्या डागावर नाही, नाहीतर तिथं फिकट बेट तयार होतं. मग भरपूर धुऊन वाळवायचं. डाग सत्तर टक्के गेला. उरलेला मी ठेवला. अजून एक हात मारला असता तर गेलाही असता, पण पन्नास वर्षं पाणी झेलत बसलेल्या फळीवर काहीच खूण नसावी हे मला जरा खोटं वाटतं.

आता पॉलिश. लहानपणी आमच्या वाड्यात दर दिवाळीच्या आधी नाही पण चार-पाच वर्षांनी एकदा सुतारकाका यायचे, सागवानी कपाटाला आणि आजीच्या पाटांना पॉलिश करायला. आदल्या रात्री बरणीत चपडा, म्हणजे लाखेच्या पातळ पापड्या, स्पिरिटमध्ये भिजत घालायचे, सकाळी तो मधासारखा झालेला असायचा, मग कापसाला जुन्या धोतराचा तुकडा गुंडाळून बोळा करायचा आणि आठचा आकडा काढत फिरवत राहायचं, मध्ये थांबायचं नाही, थांबलं की चिकटतो. तो वास मला अजून येतो. त्यामुळे माझं पक्कं होतं की फळीला चपडाच.

पण गाडीत ते चालत नाही हे मान्य करावं लागलं. लाख उन्हात मऊ पडते, पाणी पडलं की पांढरे चट्टे, आणि छप्पर उघडून चालवायच्या गाडीत ऊन आणि पाऊस दोन्ही, इंग्लंडात एकाच तासात. मग मधला मार्ग काढला. मेण काढलेला चपडा मिळतो, त्याचे दोन पातळ हात खाली दिले, त्याने अक्रोडाचा रंग असा काही उघडला की मी बायकोला हाक मारून दाखवलं, ती म्हणाली "छान आहे, आता किचनचं कपाट." मेण काढलेलाच घ्यायचा, साध्यावर वरचं व्हार्निश नीट धरत नाही. गंमत म्हणजे ती पिशवी इंग्लंडात घेतली तरी लाख हा पळस, बोर, कुसुम असल्या आपल्याकडच्या झाडांवरच्या किड्यांचा माल.

वरून अल्ट्राव्हायोलेट रोखणारं सॅटिन, म्हणजे मंद चमकीचं, व्हार्निश, सहा हात. इथं खरी परीक्षा झाली. गॅरेजमध्ये जानेवारीत पाच डिग्री, त्यात व्हार्निश वाळतच नाही, दोन दिवसांनी बोट लावलं तरी ठसा. शेवटी फळी घरात आली, गेस्ट रूममध्ये, पलंगावर. प्रत्येक हातानंतर चोवीस तास, मग ३२० नंबरचा पॉलिश पेपर नुसता टेकवून फिरवायचा, धूळ पुसायची, पुढचा हात. तिसऱ्या हातात एक केस सापडला. आमच्या मांजराचा. पूर्ण हात घासून काढला. चकचकीत का नाही केलं असं दोघा-तिघांनी विचारलं, तर आरशासारख्या डॅशबोर्डवर ऊन पडलं की समोरचा रस्ता सोडून तेच दिसतं, आणि मला ते लग्नाच्या हॉलच्या दरवाज्यासारखं वाटतं.

परत बसवणं काढण्याच्या उलट क्रमाने, असं पुस्तकात एका ओळीत लिहिलेलं असतं. मला दोन दिवस लागले. नव्या व्हार्निशच्या जाडीमुळे मीटर भोकांत बसेनात, भोकांच्या आतल्या कडा गोल कानशीने साफ कराव्या लागल्या, आणि हे आधीच करायला हवं होतं कारण आता प्रत्येक फटकाऱ्याला जीव वर-खाली. स्क्रू मात्र सगळे नवीन, स्टेनलेसचे.

बॅटरी जोडली, चावी फिरवली, पेट्रोलचा काटा सावकाश वर आला, इंजिन लागल्यावर ऑइल प्रेशर आलं, नळी गळत नाही. एप्रिलमधल्या पहिल्या कोरड्या रविवारी वॉरिकपर्यंत जाऊन आलो. अंधार पडता पडता परतताना दिवे लावले तर टेंपरेचरचा मीटर काळा. खालून हात घालून बघितला, लाल-पांढरी वायर बोटांना लागते पण तिचा बल्ब होल्डर मीटरच्या मागे जाईल एवढा हात पोचत नाही. ग्लोव्ह बॉक्सच्या बाजूने प्रयत्न करणार आहे. तो जमला नाही तर फळी परत काढायला लागेल, हे घरी अजून सांगितलेलं नाही.