टिचबटणं

मागच्या आषाढात आईच्या तोंडात फोड आले. दाताच्या डॉक्टरांनी चार महिने उष्णता म्हणून बी-कॉम्प्लेक्सवर काढले. तिला भाकरीचा पापुद्राही झोंबायचा, ताकभातावर दिवस जायचे. दिवाळीच्या सुमारास पाठीवर फोड उठले. नारायण पेठेत चाळीस वर्षं ब्लाऊज शिवणारी माझी आई, तिला स्वतःच्याच ब्लाऊजची शिवण सोसेना. जिथे घासे तिथली कातडी उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखी सरकायची.

बायॉप्सीत निदान झालं, पेम्फिगस व्हल्गॅरिस.

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. डेस्मोसोमची, म्हणजे पेशी-पेशींमधल्या जोडाची, आकृती फळ्यावर कितीदा काढली असेल. पण ते काय धरून ठेवतं, हे त्या रिपोर्टने कळलं. आईला मी तिच्याच भाषेत सांगितलं, “तुझ्या कातडीतल्या पेशी एकमेकींना टिचबटणांनी जोडलेल्या आहेत. त्या बटणांतलं एक प्रथिन डेस्मोग्लीन 3. तुझं शरीर त्यालाच शत्रू समजून बसलंय.” 1991 मध्ये मासायुकी अमागाई आणि जॉन स्टॅन्ली यांच्या गटाने हे प्रथिन ओळखलं, ते कॅडहेरिनच्या, म्हणजे पेशींना एकमेकींशी धरून ठेवणाऱ्या प्रथिनांच्या, कुळातलं निघालं. तोंडाच्या आतल्या अस्तराची भिस्त मुख्यतः त्याच्यावरच, म्हणून सुरुवात तोंडात. कातडीत त्याचं भावंड डेस्मोग्लीन 1 सांभाळून घेतं. पुढे त्याच्याविरुद्धही अँटिबॉडी झाल्या आणि पाठ सोलली.

रिपोर्टमधली एक ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. वरच्या पेशी सुट्या झालेल्या, पण सगळ्यात खालची ओळ थडग्याच्या दगडांसारखी जागच्या जागी उभी. ती ओळ खालच्या पडद्याला इंटिग्रिन नावाच्या वेगळ्या प्रथिनांनी धरून असते, त्यांना धक्का लागला नव्हता. नवी कातडी तयार होते ती याच ओळीतून. धरून आहे तोवर पेशी विभागत राहते. इंटिग्रिन कमी झाले की पडदा सोडून वर निघते, वाटेत बटणं बदलते (खाली डेस्मोग्लीन 3 जास्त, वर 1), आणि साधारण महिन्याभराने मेलेली खपली होऊन गळते. कुठली पेशी वाढणार आणि कुठली पिकणार, यात या पकडीचा मोठा वाटा.

स्टेरॉइड झाले, अँटिबॉडींना आवर घालणारं रिटुक्सिमॅब झालं. फोड सुकले, व्रण राहिले नाहीत, काळे डाग तेवढे आहेत. परवा तिने ज्वारीची भाकरी ठेच्याशिवाय, पण पापुद्र्यासकट खाल्ली. मग मशीनवर बसता बसता विचारलं, “ती खालची ओळ अजून तशीच आहे ना गं?”

आहे, म्हटलं.