तेलातलं घड्याळ : बुडबुडा अजून हटत नाही

मागच्या नोंदीनंतर दोन तबकड्या वाया गेल्या, तिसरी जमली. घड्याळ तेलासकट चालू आहे. बुडबुडा मात्र आहेच, त्याचं शेवटी सांगतो.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात : घड्याळात तेल भरायचं हे खूळ डोक्यात घातलं रेसेन्स कंपनीच्या टाइप ५ ने. २०१५ चं डायव्हिंगचं घड्याळ, बेल्जियमच्या बेन्वा मिंटियन्सचं. काटे नाहीत, फिरत्या चकत्या आहेत. चावीही नाही, वेळ लावायची तर मागचं झाकणच फिरवायचं. वरचा कप्पा तेलाने भरलेला, यंत्र खालच्या कोरड्या कप्प्यात आणि दोघांचा संबंध फक्त चुंबकांतून; कारण बॅलन्स व्हील, म्हणजे यंत्राला ताल देणारं मागेपुढे फिरणारं चाक, तेलात बुडालं की खेळ खलास. अंधारात त्याच्या खुणा पेटतात तेव्हा काचेवरच कुणी रंगवल्यात असं वाटतं. ते या जन्मात परवडणार नाही, म्हणून मी स्वस्तातलं, बॅटरीवर चालणारं क्वार्ट्झ घेतलं. त्याची मोटर तेलातही टिकटिकते.

चमकणारी पूड म्हणजे स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेट, युरोपियम-डिस्प्रोशियमवाली. जुन्या रेडियमसारखी किरणोत्सारी नाही, उजेड पिऊन घेते आणि हळूहळू सोडते. पण तिला ओल सोसत नाही, आणि मी काम काढलं जुलैत, बेळगावात! आठ दिवस कपडे वाळेनात, तिथे पूड कुठली कोरडी राहणार? पहिली तबकडी गुठळ्यांनी भरली, दुसरी फिकी पडली. तिसरीच्या वेळी पूड सिलिका जेलसोबत डब्यात ठेवली, खाली आधी पांढऱ्या रंगाचा हात मारला आणि पाऊस ओसरेपर्यंत गप्प बसलो. पांढऱ्याने फार फरक पडतो. मागे जाणारा उजेड परत वर येतो.

तेल भरायला खडेबाजारातल्या घड्याळवाल्या काकांकडे गेलो. बघितल्या बघितल्या म्हणाले, ‘आगंगिल्ल.’ जमणार नाही म्हणे. मग चष्मा पुसत मराठीत, ‘जन्मभर लोकांच्या घड्याळातलं पाणी काढलं, आता तू तेल भरायला आलास व्हय?’ आणि सिरिंज स्वतःच हातात घेतली. वाटीभर सिलिकॉन तेलात घड्याळ उघडंच बुडवलं, चिमट्याने टिचक्या मारून हवा काढली आणि झाकण तेलाखालीच आवळलं. आत मावलं जेमतेम दोन मिलिलिटर.

चाचणी मामांच्या विहिरीत, जांबोटीजवळ. मामा काठावरून ओरडत होते, ‘अरे, बादलीत बघ की!’ बादलीत डोकं घालून झालं होतं, मामा. साधं घड्याळ पाण्याखाली तिरकं धरलं की सुमारे ४९ अंशांच्या पुढे काचेचा आरसा होतो, कारण आतल्या हवेवर उजेड उलटा फिरतो. तेल भरलेल्याचं तसं होत नाही. मनगट जवळजवळ आडवं केलं तरी बाराची हिरवी खूण तशीच दिसत होती. गार पाण्याने दात वाजत होते, तरी दोनदा बुडी मारली.

आता बुडबुडा. झाकण लावलं ऑक्टोबरच्या दुपारी, ३१ अंशांत. डिसेंबरात पहाटे पारा १५ वर आला तसं तेल आकसलं आणि चारच्या खुणेपाशी तुरीच्या डाळीएवढी पोकळी दिसायला लागली. हिशोब बरोबर बसतो : अंशाला हजारात एक भाग, दोन मिलिलिटरला सोळा अंश, म्हणजे सुमारे ०.०३ मिलिलिटर. दुपारी उन्हात ठेवलं की नाहीशी होते, रात्री हजर. रेसेन्सने यासाठी आत तेलाबरोबर आकसणारे-फुगणारे बारीक भाते बसवलेत. माझ्या केसमध्ये त्यांना जागाच नाही.

पहाटेच्या थंडीत झाकण लावलं तर बुडबुडा टळेल, पण मे महिन्यात तेल फुगून सीलवर येईल. म्हणून बॅटरीशेजारी दोन्ही टोकं बंद केलेली, आत हवा असलेली मऊ सिलिकॉन नळी ठेवून बघतोय. तेल फुगलं तर ती दबेल, आकसलं तर पसरेल. नळी तीन मिलिमीटरची मिळाली आहे, जागा अडीचची. काकांना अजून सांगितलेलं नाही.